स्टीव्ह बिको कोण होते? त्यांचं नाव आजही इतक्या आदराने का घेतलं जातं?

दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध लढणारे बिको मूळचे वैद्यकीय विद्यार्थी. आधी काळ्या माणसाच्या मनातला न्यूनगंड गेला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही त्यांनी चळवळीत बरोबरीने घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९७३ मध्ये सरकारने त्यांच्यावर निर्बंध लादले: गाव सोडायचं नाही, जाहीर बोलायचं नाही. ऑगस्ट १९७७ मध्ये अटक झाली. पोर्ट एलिझाबेथला पोलीस कोठडीत डोक्याला जबर मार बसला. तशा अवस्थेत, अंगावर कपडे नसताना, बेड्या घालून त्यांना गाडीत मागे टाकलं आणि हजाराहून जास्त किलोमीटरवरच्या प्रिटोरियाला नेलं. १२ सप्टेंबरला ते गेले. वय अवघं ३०! मंत्र्याने आधी उपोषणाचं कारण पुढे केलं. शवविच्छेदनाने ते खोटं पाडलं. अंत्यविधीला हजारो लोक लोटले आणि नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांनी दक्षिण आफ्रिकेला शस्त्रं विकण्यावर सक्तीची बंदी घातली.