अमेरिकन प्लॅनमधलं 3 फुटी बुकशेल्फ 18 मिमी प्लायमध्ये 4 फूट रुंद करायचंय, मापं कशी बदलू?

आधी फळीच्या बाकाचा, म्हणजे वजनाने ती मधे किती वाकेल याचा विचार करा. फळी पुस्तकांनी पूर्ण भरली की बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे 3 चे 4 फूट केल्यावर जवळपास तिप्पट. त्यामुळे मधोमध उभं पार्टिशन द्याच. ते नकोच असेल, तर प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला 40 मिमी उंच सागवानी पट्टी फेविकॉलने चिकटवा. प्लायची कडही झाकली जाते.

प्लॅनमधला पाऊण इंच म्हणजे 19 मिमी, तुमचा प्लाय 18. बाहेरून 1220 मिमी (4 फूट) हवं असेल तर दोन बाजूंची जाडी वजा करून फळी 1220 − 36 = 1184 मिमी. बाजूंना 6 मिमी खोल खाच मारून बसवणार असाल तर 1196. खाचेची रुंदी मात्र कागदावरून घेऊ नका, हातातला तुकडा व्हर्नियरने (जाडी अचूक मोजायच्या कॅलिपरने) मोजा. 18 चा प्लाय बऱ्याचदा 17.5 भरतो आणि फळी खाचेत खुळखुळते. दोन्ही बाजूंना सनमायका लावणार असाल तर जाडी सुमारे 2 मिमी वाढते; तो आधी लावा, मग मोजा.

शेल्फची खोली 12 इंच (305 मिमी) असेल तर 300 मिमी करा. 1220 च्या शीटमधून 305 च्या चार पट्ट्या निघत नाहीत, कारण दर कापाला पातं 3 मिमी खातं.

प्लायच्या कडेत स्क्रू मारण्याआधी 3 मिमीचं भोक पाडा, नाहीतर थर फाटतात. मागचा 6 मिमी प्लाय ठोकण्यापूर्वी दोन्ही कर्ण सारखे आहेत ना, ते बघा.