मुलीच्या शाळेत आता ॲपवरून जेवण मागवायचं आहे. महिन्याचे पैसे एकदम भरावेत की रोज ऑर्डर द्यावी?

मागवा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण महिन्याचं एकदम भरू नका, आठवड्याचं भरा. आणि त्याआधी शाळेत जाऊन एवढं विचारा की यादीत नाव नसेल तर माझ्या पोरीला ताट मिळणार की नाही.

सांगलीत विश्रामबागच्या बाजूला एका शाळेत मी अकरा वर्षं कॅन्टीन चालवलं. आधी सगळा कारभार वहीवर. सकाळी वर्गावर्गातून चिठ्ठ्या यायच्या, शंभर म्हणाले की सव्वाशेची कणीक मळायची आणि दुपारी पातेलंभर आमटी उरायची. ॲप आलं आणि ते थांबलं. रात्री आठला यादी बंद झाली की नेमका आकडा हातात. फक्त मटकीच्या उसळीची यादी दोन दिवस आधी बंद करायला मी लावली, कारण रात्री आठला कळून सकाळी मोड येत नाहीत. म्हणजे ॲपला माझा विरोध कधीच नव्हता.

श्रावणातली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस. चौथीतलं एक पोरगं ताट घेऊन रांगेत आलं. टॅब घेऊन उभ्या असलेल्या सरांनी बघितलं, म्हणाले, नाव नाही. पोरगं म्हणालं, आईने काल भरलेत. खरंच भरले होते, खात्यातून गेलेही होते, पण ॲपवर ऑर्डर पेंडिंग राहिली होती. सर म्हणाले, मागचा पुढे ये. त्या पोराने हातातलं ताट थप्पीवर नीट पालथं ठेवलं आणि नळावर जाऊन पाणी पिऊ लागलं. एकदा प्यालं, पुन्हा ओंजळ धरली. मी डाव तिथेच टाकला, भात-आमटी वाढली, दोन चपात्या ठेवल्या आणि त्याला हाताला धरून बाकावर बसवलं.

सर म्हणाले, "काकू, असं केलंत तर उद्या सगळेच येतील." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "येऊ देत." संध्याकाळी शाळेकडून लेखी आलं, यादीबाहेर कुणाला वाढायचं नाही. मी वाढत राहिले आणि वहीच्या मागच्या पानावर नावं लिहीत गेले. वर्षभरात 31 नावं झाली. 29 जणांचे पैसे आले, बहुतेकांचे दुसऱ्याच दिवशी. उरलेल्या दोघांना मी विचारलं नाही. सगळेच काही आले नाहीत.

त्या आईचे पैसे चौथ्या दिवशी परत आले. यूपीआयने दुकानदाराला भरलेले पैसे असे अडकले तर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत आणि उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. म्हणून भरल्यावर 12 आकडी व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा, शाळेशी भांडत बसण्यापेक्षा तो घेऊन बँकेत तक्रार करा.

तुमच्या घरी जैन पद्धतीचं जेवण असेल तर ॲपवर नुसतं 'व्हेज' दाबून भागत नाही. आपल्या भागात अशी कितीतरी घरं आहेत. कांदा-लसूण, बटाटा नाही आणि चातुर्मासात पालेभाजीही नाही, हे वहीत मी लाल पेनाने लिहून ठेवायचे. ॲपमध्ये त्याला जागाच नव्हती. वाढणाऱ्या बाईला भेटून सांगा, नुसतं लिहून पाठवू नका.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं, मुलीला शेंगदाणा चालत नसेल तर ॲपवर अजिबात विसंबू नका. आपल्याकडे भाजीत कूट पडतंच, रोजच्या यादीत ते लिहिलेलं नसतं. अशा वेळी सरळ घरचा डबा द्या. वॉलेटमध्ये पैसे ठेवायला सांगत असतील तर शाळा सोडताना ते परत मिळतात का, तेही विचारून घ्या. आमच्याकडे ते शाळा बघायची, त्यामुळे त्यातलं जास्त मला सांगता येणार नाही.

मी आता ते कॅन्टीन सोडलं. वही मात्र घरी आहे. सर, तुम्ही हे वाचत असाल तर कधीही या, मागचं पान उघडून नावं मोजा.