माफ केलं म्हणजे पैसेही सोडायचे का?

जय ख्रिस्त ताई. तुमचं सगळं वाचलं, महिला मंडळातल्या बहिणीने भिशीतले तुमचे 40 हजार वापरून टाकले, आता रडून माफी मागतेय आणि सगळे तुम्हालाच म्हणतायत विश्वासी आहात ना, सोडून द्या.

माफ कराच, पण पैसे सोडलेच पाहिजेत असं कुठे लिहिलंय? बायबलमधलं, पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढा, 25 वचनांचं तर आहे. तुझा दास अनेसिम, त्याला भाऊ म्हणून जवळ घे असं पौल सांगतो आणि 18 व्या वचनात लगेच म्हणतो, त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. म्हणजे देणं पुसलं नाही त्याने, स्वतःच्या अंगावर घेतलं. तुम्हाला सोडून द्या म्हणणाऱ्यांतलं कोणी असं म्हणालं का? जाऊ दे.

मत्तय 18 मधला, येशूच्या दाखल्यातला निर्दय चाकर तुम्हाला ऐकवतीलच, मलाही ऐकवला होता. राजाने त्याला माफ केलेलं कर्ज 10 हजार तलांत, एक तलांत साधारण 6 हजार दिनारांचा आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, करा हिशेब, 6 कोटी दिवस होतात. आणि हा सोबतच्या चाकराचा गळा धरतो 100 दिनारांसाठी. पण ते 100 सुद्धा खरंच येणं होतं, आणि समोरचा सूट मागत नव्हता, थोडं थांब, फेडतो एवढंच म्हणत होता. तुमच्या बहिणीला तेवढी मुदत द्या, महिन्याला 2 हजार का होईना, कागदावर लिहून.

आणि त्याच अध्यायातलं 15 वं वचन सगळे गाळतात, आधी एकट्याने जाऊन बोल. माझ्यावर एकाने भर सभेत बांधकाम फंडाचे पैसे खाल्ल्याचा आळ घेतला होता. दोन वर्षं त्याच्या हातून प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेतल्या भाकरी-द्राक्षरसाचा ट्रे आला की मी मान खाली घालायचो, गावभर सांगितलं, फक्त त्याच्याकडे गेलो नाही. शेवटी गेलो तर अर्धा तास पावसावरच बोललो, चहा गार झाला, मग तो म्हणाला, चुकलंच माझं. सभेत मात्र कधी बोलला नाही, ते अजून टोचतं.

आता उपासनेला शेजारी बसतो आम्ही. फंडाची वही तपासायची असली की तिसरा माणूस लागतोच, आणि तो तिसरा तोच बोलावतो.