काँट्रा अवघड झाला, की तुम्ही?

प्रश्न : शाळेत असताना काँट्रा या व्हिडिओ गेममध्ये तीन लाईफमध्ये बर्फाच्या स्टेजपर्यंत जायचो. आता लॅपटॉपवर इम्युलेटर (जुन्या यंत्राचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला, तर पहिल्याच फुटणाऱ्या पुलावर मरतो. वय झालं म्हणायचं का? (सातारा)

उत्तर : एवढ्यात नको. आपल्याकडे घरोघरी होती ती निन्टेन्डोच्या गेम यंत्राची नक्कल. इथले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रांचे, आणि बऱ्याच नकला त्यांच्यासाठीच जुळवलेल्या. काँट्रा मात्र ६० चित्रांच्या हिशेबाने लिहिलेला. त्याची चाल चित्रांच्या गतीला बांधलेली असल्याने ५० वर तो सहाव्या हिश्श्याने संथ व्हायचा. इम्युलेटर तो मूळ वेगाने पळवतो. तुमचा हात अजून जुन्या लयीत आहे.

एफसीईयूएक्स किंवा मेसेन हा इम्युलेटर वापरत असाल तर सेटिंगमधल्या रीजनमध्ये 'डेंडी' निवडा. हे रशियात खपलेल्या नकलेचं नाव. 'पाल' निवडू नका, त्यात वेगाबरोबर संगीताची पट्टीही उतरते. डेंडीत लय संथ होते, सूर जवळपास तोच राहतो. कान लगेच ओळखतील.

लॅपटॉप टीव्हीला जोडला असेल तर टीव्हीचा 'गेम मोड' चालू करा. चित्र सजवण्यात टीव्हीने १०० मिलिसेकंद घालवले, तर ६० च्या वेगात तुम्ही सहा चित्रं मागे असता. एका गोळीत मरायच्या खेळात तेवढं पुरतं.

प्रश्न : काँट्रात तीस लाईफचा कोड कधी लागतो, कधी नाही. (नांदेड)

उत्तर : गेमचं नाव दिसतं त्या पहिल्या पडद्यावर, डेमो सुरू व्हायच्या आत : वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए, मग स्टार्ट. दोघं खेळणार असाल तर ए नंतर सिलेक्ट, मग स्टार्ट. फसतो तो बहुधा टर्बोमुळे : टर्बोचं बटण एका दाबात अनेक वेळा 'बी' पाठवतं, साखळी तुटते. साधं बटणच वापरा. झिजलेल्या रिमोटवर 'वर' दाबताना 'डावं'ही लागतं. अंगठा टोकावर ठेवा. चुकलं की रिसेट. हा कोड मुळात प्रोग्रामर काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ च्या 'ग्राडियस' या गेमसाठी केला, कारण तपासताना तो गेम त्यांनाच झेपेना. तेव्हा कोड वापरायला लाजू नका.

प्रश्न : धबधब्याच्या स्टेजमध्ये भाऊ वर चढला की मी गोळी न लागताही मरतो. (चिपळूण)

उत्तर : पडदा वरच्या खेळाडूबरोबर सरकतो आणि परत खाली येत नाही. तुमच्या पायाखालची फळी कडेबाहेर गेली की तुम्हीही गेलात. आधी चढणाऱ्याने थांबायचं. भांडण तिथेच मिटतं.

प्रश्न : बदकं मारायच्या गेमची ('डक हंट') बंदूक एलईडी टीव्हीवर चालेल? (पणजी)

उत्तर : नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला प्रकाशसंवेदक तो शोधतो. एलईडीवर चौकोन उशिरा येतो, तोवर नेम 'चुकला' ठरलेला असतो. पिक्चर ट्यूबचा टीव्ही मिळवा.