वाचकांचे प्रश्न : बाळ अजून आधाराशिवाय बसत नाही

प्रश्न : सप्रेम नमस्कार, डॉक्टर. मी फलटण तालुक्यातील एका गावात राहते. माझा मुलगा येत्या मंगळवारी १० महिन्यांचा होईल. गरोदरपणात माझा रक्तदाब वाढत गेल्यामुळे ३४ आठवडे होताच सिझेरियन करावे लागले. जन्माच्या वेळी त्याचे वजन १८०० ग्रॅम होते आणि ११ दिवस त्याला पेटीत ठेवले होते.

तो अजून आधाराशिवाय बसत नाही. उशा लावून बसवले की थोडा वेळ बसतो आणि डावीकडे कलंडतो. रांगण्याचे तर नावच नाही. माझ्या नणंदेची मुलगी त्याच्याच महिन्यातली आहे आणि ती आता घरभर रांगते. घरी सगळे एकत्र जमले की मला दोघांकडे पाहवत नाही. सासूबाई म्हणतात, "मुलगे उशिराच करतात, याचा बापही दीड वर्षाचा झाल्यावर चालला." नऊ महिन्यांच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारले, पण तेथे फार गर्दी होती आणि "वाट पाहू" एवढेच उत्तर मिळाले.

बाकी तो हसरा आहे. हाक मारली की वळून पाहतो, "बाबाबा" असे बोलतो. हुशारही आहे. खुळखुळा डावीकडे ठेवला तरी उजवा हात आडवा आणून बरोबर उचलतो, त्यामुळे "हा पक्का उजव्या हाताचा होणार" असे सगळे कौतुकाने म्हणतात. झबले घालताना मात्र डावा हात बाहीत लवकर जात नाही, मूठ घट्ट असते.

आमचे घर माळकरी आहे, त्यामुळे माझा आहार पूर्ण शाकाहारी आहे. सातव्या महिन्यात मी एकदा स्कूटरवरून बाजाराला गेले होते, त्यामुळे तर हे झाले नसेल, असे सारखे मनात येते. यजमान म्हणतात, मी मोबाइलवर नको ते वाचते. रात्री बाळ झोपल्यावरही मला झोप येत नाही. माझे चुकत आहे का?

— एक आई (विनंतीवरून नाव प्रसिद्ध केलेले नाही)

उत्तर : प्रिय ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. बसणे आणि रांगणे यांची तुम्हाला जेवढी काळजी वाटते, तेवढी मला वाटली नाही. जे तुम्ही कौतुकाने आणि जाता जाता लिहिले आहे, ते मात्र मला महत्त्वाचे वाटले. म्हणून आधी बसण्याबद्दल थोडक्यात सांगते आणि मग त्या डाव्या मुठीकडे येते.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाची वाढ तपासताना पहिली दोन वर्षे त्याचे वय जन्मतारखेपासून न मोजता बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजतात. तुमचा मुलगा सहा आठवडे आधी जन्मला, म्हणजे कॅलेंडरप्रमाणे तो १० महिन्यांचा असला तरी वाढीच्या दृष्टीने सुमारे साडेआठ महिन्यांचा आहे. नणंदेची मुलगी पूर्ण दिवसांची असेल, तर ती दोघे एका महिन्यात जन्मली असूनही एका वयाची नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार काही मुले चार महिन्यांच्या आतच आधाराशिवाय बसतात, तर काहींना त्यासाठी सव्वानऊ महिने लागतात. हात आणि गुडघ्यांवर रांगण्याची मुदत साडेतेरा महिन्यांपर्यंत जाते आणि शंभरातील सुमारे चार मुले तशी कधी रांगतच नाहीत, तरीही पुढे नीट चालतात. तेव्हा केवळ वयाचा हिशेब केला तर तुमचा मुलगा अजून मर्यादेत आहे, आणि सासूबाईंचे म्हणणे तेवढ्यापुरते अगदीच चूक नाही.

परंतु बाळ एखादी गोष्ट कधी करते याइतकेच ते ती कशी करते हेही पाहावे लागते. साधारण पहिल्या वाढदिवसापर्यंत निरोगी बाळ दोन्ही हात सारखेच वापरते. वस्तू डावीकडे असेल तर डाव्या हाताने घेते, उजवीकडे असेल तर उजव्या हाताने. उजवा किंवा डावा हात पक्का ठरण्याची वेळ त्यानंतर बरीच पुढे येते. साडेआठ-दहा महिन्यांचे बाळ डावीकडचा खुळखुळा घेण्यासाठी उजवा हात शरीरावरून आडवा नेत असेल, तर ते उजवे आहे असे समजण्याआधी त्याचा डावा हात मागे का राहतो हे शोधले पाहिजे. त्यात मूठ बहुतेक वेळ बंद असणे, झबल्याच्या बाहीत हात सहज न जाणे आणि बसवल्यावर एकाच बाजूला कलंडणे हे सारे एकाच बाजूचे आहे.

पत्रावरून निदान होत नाही, आणि मी ते करणारही नाही. शक्यता मात्र सांगते, म्हणजे तपासणीच्या वेळी एखादा शब्द प्रथमच कानावर पडून तुम्ही घाबरणार नाही. जन्माच्या आसपास मेंदूच्या एका भागाला इजा झाली असेल, तर शरीराच्या विरुद्ध बाजूचे हातपाय कडक किंवा अशक्त राहतात. याला एका बाजूचा सेरेब्रल पाल्सी म्हणतात. कधी अडचण मेंदूत नसून खांद्याजवळच्या नसांना जन्मावेळी बसलेल्या ताणात असते. कधी तपासणीत दोन्ही बाजू सारख्याच निघतात आणि चिंता मिटते. यांपैकी काहीही निघाले तरी ते आता कळणे तुमच्या मुलाच्या हिताचे आहे, कारण या वयात मेंदू नवे मार्ग वेगाने घडवत असतो आणि न वापरलेला हात बाळ हळूहळू विसरू लागते. म्हणूनच "वाट पाहू" हा सल्ला या एका बाबतीत मला मान्य नाही. आजाराचे नाव ठरेपर्यंत व्यायाम थांबवून ठेवण्याचेही कारण नसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू होऊ शकतात.

कोठे जावे, तेही सांगते. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंब हा तपासणीचा स्वतंत्र भाग आहे आणि त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. तुम्ही पथकाची वाट पाहत थांबू नका. आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला आजच सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे डीईआयसीकडे, पाठवण्याची विनंती करा. तेथील सेवा विनामूल्य असते. पुण्याला जाणे जमत असेल तर केईएम रुग्णालयाचे बालविकास केंद्र वेळेआधी जन्मलेल्या मुलांसाठी दीर्घकाळ काम करत आहे. मोठ्या केंद्रात 'डासी' नावाची, भारतीय बाळांसाठीच तयार केलेली चाचणी बहुधा घेतात. खेळणी, ठोकळे, घंटा देऊन बाळ काय करते ते पाहतात, त्यामुळे बाळाला त्रास होत नाही.

जाताना पेटीत ठेवले होते त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड आणि डोक्याची सोनोग्राफी झाली असल्यास तिचा अहवाल सोबत घ्या. जन्मवजन २००० ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पहिल्या महिन्यात व्हावी लागते. ती आणि कानांची तपासणी झाली होती का, हे कार्डावर पाहा. घरी बाळाला फक्त लंगोटावर ठेवून दोन-तीन छोटे व्हिडिओ काढा. एकात खुळखुळा डावीकडे धरा, एकात उजवीकडे, आणि एकात त्याला पालथे ठेवून दोन्ही पाय दिसू द्या. गर्दीच्या वेळी बाळ नेमके झोपते किंवा रडते, तेव्हा हे व्हिडिओ उपयोगी पडतात. आणि डॉक्टरांना "हा बसत नाही" असे न सांगता "याच्या डाव्या आणि उजव्या हातापायांत फरक आहे का, ते पाहता का?" असे विचारा. दोन मिनिटेच मिळणार असतील, तर ती या प्रश्नासाठी वापरा.

तुम्ही माळकरी आहात हे लिहिलेत, ते बरे केलेत. पूर्ण शाकाहारी आहारामुळे आईच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर अंगावर पिणाऱ्या बाळालाही ते कमी मिळते आणि त्यामुळे बाळ सुस्त, ढिले होऊ शकते. याचा एका बाजूच्या मुठीशी संबंध नाही, आणि तुम्ही वर्णन केलेले हसरे, हाकेला वळणारे बाळ सुस्तही वाटत नाही. तरीही रक्त तपासायचेच आहे तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड एकदाच पाहून घ्यावे. तुमचेही बी-१२ तपासून घ्या. कमी निघाले तर औषधाने भरून निघते, माळ उतरवावी लागत नाही.

तपासणीचा दिवस येईपर्यंत घरी काही गोष्टी लगेच करता येतील. बाळाला तुमच्या डाव्या कडेवर घेत जा. तसे घेतले की त्याचा उजवा हात तुमच्या पाठीकडे जातो आणि डावा हात पुढे, तुमच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळायला मोकळा राहतो. झबले घालताना डावा हात आधी बाहीत घाला, काढताना डावा शेवटी काढा. जमिनीवर गोधडी अंथरून, तो जागा असताना आणि तुम्ही जवळ असताना, त्याला दिवसातून अनेकदा थोडा थोडा वेळ पालथे ठेवा आणि खेळणे डाव्या बाजूला धरा. उजवा हात बांधून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चांगला हात काही वेळ झाकून दुसऱ्याला काम देण्याची उपचारपद्धती आहे, पण ती थेरपिस्टच्या देखरेखीखालीच करायची असते. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना डावा हात ओढून सरळ न करण्याचे सांगा. चाकांचा वॉकर कोणी आणला तर तो परत करा. त्यामुळे मूल लवकर चालत नाही, उलट पडून इजा होते, आणि कॅनडाने तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे.

एका बाबतीत मात्र चिठ्ठीचीही वाट पाहू नका. झोपेतून उठताना बाळ अचानक पुढे झुकून हात फेकू लागले आणि असे झटके ओळीने येऊ लागले, किंवा येत असलेली गोष्ट ते विसरू लागले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते. स्कूटरवरून बाजाराला गेल्यामुळे हे झालेले नाही. तुमचा रक्तदाब वाढत होता आणि तो वाढत राहिला असता तर तुमच्या आणि बाळाच्या जिवाला धोका होता, म्हणून डॉक्टरांनी त्याला आधी बाहेर काढले. यात तुमचे काहीही चुकलेले नाही. मुठीची गोष्ट तुम्हीच टिपलीत. ती दुसऱ्या कोणाच्या नजरेला आली नव्हती. मोबाइलवर तुम्ही वाचता, ते उत्तर कोठेच मिळत नाही म्हणून. यजमानांनी हे उत्तर वाचावे आणि तपासणीला तुमच्याबरोबर यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे, कारण डॉक्टर जे सांगतील ते एकट्या आईने ऐकून घरी येऊन सर्वांना समजावणे फार जड जाते. सासूबाईंनाही बाजूला ठेवू नका. नातवाशी टाळ्यांचा खेळ खेळताना त्याचा डावा हात अलगद आपल्या हातात घेण्याचे काम त्यांच्याकडे द्या. हे त्या तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले करतील.

आणि तुमची झोप. बाळ झोपलेले असतानाही दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप येत नसेल, रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर बाळंतपणानंतर अनेक आयांना होणारा हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. बाळाच्या तपासणीच्या दिवशीच स्वतःबद्दलही डॉक्टरांना सांगा. त्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनची विनामूल्य सेवा २४ तास असते आणि तेथे मराठीतून बोलता येते.

तपासणीत काय निघाले ते मला जरूर कळवा. अहवालातील एखादा शब्द समजला नाही तर त्याची प्रत सोबत पाठवा, मी तो उलगडून सांगेन.