मुलीला पाण्याच्या मदतकार्यात जायचंय, जाऊ द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुरानंतर आठ दिवस ती मदत छावणीत पाणी वाटायला गेली होती. परत आल्यापासून एकच धोशा लावलाय, मला हेच काम करायचंय, जिथे पाणी नाही तिथे जायचंय. शिक्षण सोडून एखाद्या स्वयंसेवी संस्थेत जाते म्हणते. आम्ही दोघंही धास्तावलोय. दानधर्म पोट भरल्यावर करायचा असतो, त्यात करिअर कसं होणार? तिची समजूत कशी घालावी?
– एक वडील

नमस्कार,

समजूत कशी घालावी, म्हणजे तिला थांबवावं कसं, असं तुम्ही विचारताय. तिला या कामापासून अडवू नका, असंच मी सांगेन. शिक्षण सोडायला मात्र ठाम नाही म्हणा. त्याचं कारण पोटापाण्याचं नाही, तिने निवडलेल्या कामातलंच आहे.

एक हकीकत सांगतो, ती तिलाही वाचायला द्या. 1970 च्या दशकात बांगलादेशात खेड्यापाड्यांतले लोक तळ्यांचं, नद्यांचं पाणी पीत होते आणि हगवणीने, कॉलऱ्याने लहान मुलं दगावत होती. युनिसेफ आणि इतर मदत संस्थांनी सरकारच्या साथीने कूपनलिका खोदायला सुरुवात केली. पाणी नितळ लागलं, जंतूंचा धोका कमी झाला. लोकांना ते इतकं पटलं की पुढे त्यांनी स्वतःच्या पैशाने लाखो कूपनलिका खोदून घेतल्या. 1993 मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. आर्सेनिकला ना रंग, ना वास, ना चव. वर्षानुवर्षं पोटात गेलं की तळहात-तळपाय खरखरीत होतात, कातडीवर ठिपके उठतात आणि पुढे कर्करोगापर्यंत मजल जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, बांगलादेशची स्वतःची 50. असंख्य कूपनलिका या दोन्हींच्या वर होत्या. मग एकेक कूपनलिका तपासून सुरक्षित असेल तिला हिरवा आणि दूषित असेल तिला लाल रंग फासण्याची वेळ आली.

खोदणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. आर्सेनिक शोधणं तेव्हाच्या नेहमीच्या पाणीतपासणीत नव्हतंच. हिमालयाकडून वाहून आलेल्या गाळात ते लोहाच्या कणांना चिकटून असतं. गाळातला पालापाचोळा कुजताना प्राणवायू संपतो, लोह विरघळू लागतं आणि आर्सेनिक सुटून पाण्यात उतरतं. खूप खोलवरच्या जुन्या थरांतलं पाणी बहुतेक ठिकाणी चांगलं निघालं. हा गाळ कुठून आला, त्याच्या पोटात काय असेल, किती खोल जावं, हे प्रश्न भूशास्त्राचे आहेत. तुमची मुलगी आज वर्गात बसून नेमकं हेच शिकतेय. आणि तेच सोडून ती मदतीला जाते म्हणतेय!

छावणीत तिने पाण्याच्या बाटल्या वाटल्या. ते काम गरजेचं होतंच, पहिल्या चार दिवसांत दुसरा इलाजही नसतो. पण बाटलीवर हजारो माणसं महिनाभर जगवता येत नाहीत. तिथून पुढे ज्यांना या धंद्यात 'वॉश'वाले म्हणतात, त्यांचं काम सुरू होतं. वॉश म्हणजे पाणी, स्वच्छतागृहं आणि स्वच्छतेच्या सवयी, तिन्ही मिळून. मदत संस्थांनी 1997 मध्ये एकत्र येऊन 'स्फिअर' नावाची किमान मानकं ठरवायला घेतली, आज जगभर तीच वापरतात. माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी, एका नळावर 250 पेक्षा जास्त माणसं नकोत, नळ 500 मीटरच्या आत हवा, रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहावं लागू नये. दहा हजार माणसांची छावणी म्हणजे रोज दीड लाख लिटर. ते पाणी आणायचं कुठून, साठवायचं कशात, गढूळ असेल तर तुरटी किती टाकायची, क्लोरीन किती? यातलं काहीही नुसत्या तळमळीने सुटत नाही.

क्लोरीनचंच बघा. काचेच्या नळीत 10 मिलिलिटर पाणी घ्यायचं, डीपीडी या क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाची गोळी त्यात चुरून टाकायची. पाणी गुलाबी होतं. तो गुलाबी रंग शेजारच्या रंगपट्टीशी लावून बघायचा. नळाशी लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. नवखा माणूस नळाजवळ तपासतो, आकडा बरोबर येतो, वहीत लिहितो आणि निघून जातो. जाणता माणूस तंबूत जातो आणि तिथल्या बाईच्या हंड्यातलं पाणी तपासतो. पुष्कळदा तिथे नळीत रंगच चढत नाही. हंड्याच्या आत शेवाळ धरलेलं असतं, मुलं त्यात हात घालून पाणी घेतात, आणि क्लोरीन तिथेच संपतो. मग नळाशी मात्रा वाढवायची, की हंडे घासून घ्यायचे, की झाकणाचे जेरीकॅन वाटायचे? तो क्लोरीन कुठे संपला हे ज्याला कळतं, त्यालाच हे ठरवता येतं.

संकटकाळ ओसरल्यावरचं काम याहून चिवट असतं. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांतली आकडेवारी 2009 च्या सुमारास एकत्र केली गेली, तेव्हा साधारण तीनातला एक हातपंप बंद असल्याचं दिसलं. एखाद्या पंपाचं आतलं वॉशर झिजलेलं असतं आणि सुटा भाग जवळपास मिळत नाही. कुठे आम्लधर्मी भूजलाने लोखंडी पाइप खाल्लेला असतो. कुठे दुरुस्तीसाठी वर्गणी कोण गोळा करणार यावर गावाचं एकमत होत नाही. उद्घाटनाचा फोटो मात्र संस्थेच्या अहवालात असतो. माझा एक विद्यार्थी अशाच एका संस्थेत दोन वर्षं होता. नवे पंप बसवायला देणगी मिळते, जुने दुरुस्त करायला कुणी देत नाही, हे सांगताना त्याचा आवाज कापरा झाला होता. आज तो गावकऱ्यांना पंपदुरुस्ती शिकवतो, आणि मला त्याचा फार अभिमान वाटतो.

आता तुमच्या काळजीकडे येतो. पगार मिळतो. जलअभियंता, भूजलतज्ज्ञ, सार्वजनिक आरोग्यवाले, हिशेब आणि खरेदी सांभाळणारे, लोकांशी बोलून सवयी बदलवणारे, सगळे तिथे पगारी असतात. पण नोकरी बहुधा करारावर असते, प्रकल्प संपला की करार संपतो. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, जुलैपासून यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचं कामकाज संपलं, आणि जगभर हजारो अनुभवी माणसं घरी बसली. तिला हे स्पष्ट सांगा. ज्यांच्या हातात नुसता 'समाजकार्याचा अनुभव' होता त्यांची जास्त पंचाईत होते. भूजल सर्वेक्षण येणारा माणूस सरकारी खात्यात, खाजगी सल्लागार कंपनीत, खाणीत, शेतीच्या कामात कुठेही उभा राहू शकतो. म्हणून पदवी हवी, आणि पुढे भूजलशास्त्रात एम.एस्सी. तर हवीच. नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये पाणी आणि स्वच्छता याच विषयांना वाहिलेली आयएचई ही संस्था आहे, ती पदव्युत्तर टप्प्यावर विचारात घ्या. शिष्यवृत्त्यांवर आत्तापासूनच नजर ठेवा.

धोकाही लपवत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदींनुसार 2024 या एका वर्षात 380 हून अधिक मदत कर्मचारी मारले गेले, त्यातले बहुतेक त्या-त्या देशातलेच स्थानिक लोक. तरीही पाण्याचं सगळंच काम युद्धभूमीवर नसतं, फार मोठा भाग शांत गावांतून चालतो. पहिली चार-पाच वर्षं तिथेच काढायची, हा करार तुम्ही दोघं तिच्याशी करू शकता. मी माझ्या मुलीशीही हेच बोललो असतो.

पुढच्या दीड वर्षात तिने काय करावं? पाणीतपासणीची प्रयोगशाळा जिथे असेल तिथे सुट्टीत काम मागावं, बिनपगारी मिळालं तरी. विद्युत सर्वेक्षणाने जमिनीखालचं पाणी कसं शोधतात ते प्रत्यक्ष जाऊन बघावं आणि नकाशांचं जीआयएस सॉफ्टवेअर हाताखालून घालवावं. स्फिअरची पुस्तिका मोफत मिळते, त्यातलं पाण्याचं प्रकरण तिने पेन्सिल घेऊन वाचावं. फ्रेंच शिकावं, कारण चाड, नायजर, काँगो, हैती अशा बऱ्याच ठिकाणी त्या भाषेवाचून अडतं. 'रिलीफवेब' या संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर या क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती येतात. त्यातल्या दहा जाहिराती काढून प्रत्येकीत काय मागितलंय याची यादी तिच्याच हाताने करून घ्या. शिक्षण का सोडायचं नाही, हे तुमच्या-माझ्या बोलण्यापेक्षा त्या यादीतून तिला लवकर कळेल. आणि स्वयंसेवक म्हणून नेतो, त्याचे पैसे भरा, असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा.

तिने एखादी संस्था मनात धरली असेल तर तिथे जाऊन एवढंच विचारू दे : तुम्ही तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या पंपांपैकी आज किती चालू आहेत, आणि बंद पडला तर दुरुस्तीला कोण जातं? ज्यांच्याकडे याचं गावनिहाय उत्तर असेल, त्यांच्याकडे तिला उन्हाळ्याच्या सुट्टीत बिनधास्त पाठवा.