सांगलीतल्या घराचं जोतं 3 फूट उंच आहे आणि आई आता व्हीलचेअरवर. रॅम्प करावा की घर विकून फ्लॅट घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत, घर. 2019 च्या पुरानंतर पाडून नवं बांधलं, तेव्हा जोतं 3 फूट घेतलं. आईंच्या डाव्या अंगाला पक्षाघात झालाय, त्या व्हीलचेअरवर आहेत. वडील 78 वर्षांचे, तुम्ही पुण्याला. मिस्त्री म्हणतोय, पायऱ्यांच्या शेजारी उतार मारून देतो, दोन दिवसांचं काम आहे. तुम्हाला कळत नाहीये की तो करून घ्यावा, की घर विकून ज्येष्ठांसाठी बांधलेल्या एखाद्या सोसायटीत फ्लॅट घ्यावा.

घर एवढ्यात विकू नका. आणि तो उतार तर अजिबात मारून घेऊ नका.

मी सांगली-मिरजेत 22 वर्षं घरं बांधतोय आणि दुरुस्त करतोय. मिस्त्री ज्याला उतार म्हणतोय तो गाडी चढवायचा उतार. आपल्याकडे घरोघरी असतो, 3 फूट उंचीला फार तर 7-8 फूट लांब. मोटारसायकल पहिल्या गिअरवर चढते त्याच्यावर. माझ्या आईचं मिरजेत खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीही दारात तसाच करून घेतला होता. पहिल्याच दिवशी तिला खाली आणताना मी मागून खुर्ची धरलेली, भाऊ पुढून रेटा देत उलटा चालतोय, आणि आईने दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे इतके आवळले होते की बोटं पांढरी पडली. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून अंगणात चल म्हटलं की, "राहू दे रे, आज नको." तुळशीपाशी सकाळचा चहा घ्यायची सवय असलेली बाई चार महिने उंबऱ्याबाहेर आली नाही. आजारपणाने खचली असं आम्ही धरून चाललो होतो. उतार फोडून नीट बांधला, त्या आठवड्यातच ती परत तुळशीपाशी जाऊन बसली.

नियम सोपा आहे: 1 फूट चढायला 12 फूट लांबी. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या (दिव्यांगांना सहज वावरता यावं यासाठीच्या) मार्गदर्शक तत्त्वांतही 1:12 पेक्षा तीव्र उतार चालत नाही. म्हणजे तुमच्या 3 फुटांना नुसता उतारच 36 फूट झाला. त्यात मध्ये एक सपाट टप्पा हवा, साधारण 5 फुटांचा, ढकलणाऱ्याला दम खायला. वडील 78 चे आहेत, त्यांच्यासाठी तो टप्पा मोलाचा. वर दारापाशी आणि खाली फाटकापाशीही तेवढीच सपाट जागा पाहिजे, नाहीतर दार उघडायला खुर्ची सोडावी लागते आणि ती मागे घरंगळते. एकूण 50 फुटांच्या आसपास धरा.

एवढी लांबी समोरच्या अंगणात मिळत नाही म्हणूनच मिस्त्री सरळ मारून मोकळा होतोय. पण घर आणि कंपाउंडच्या भिंतीमधला बोळ बघितलात का? मी बहुतेक कामांत रॅम्प बोळातून घेतो. फाटकापासून चढ सुरू, कोपऱ्यावर सपाट टप्पा, तिथे वळून मागच्या किंवा बाजूच्या दाराशी. बोळ 5 फुटांचा असेल तर 4 फूट रुंद रॅम्प आरामात बसतो. बाहेरच्या कडेला 4 इंचाची कड उचलून घ्या, चाक बाजूला उतरत नाही. कठडा दोन्ही बाजूंना पाहिजे आणि दोन उंचींवर: एक चालणाऱ्यासाठी 3 फुटांच्या आसपास, एक बसलेल्यासाठी अडीच फुटांवर. वरती टाइल किंवा पॉलिश कोटा घालू नका, जुलैत पाय ठरणार नाही. साधा काँक्रीटचा कोबा करायचा आणि ओला असताना खराट्याने आडव्या रेघा ओढायच्या. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात पकड देणारं काम.

छोटी उभी लिफ्टही मिळते, व्हीलचेअरसकट 3-4 फूट उचलणारी. जागा कमी लागते. पण नदीच्या पट्ट्यात मी ती टाळतो, मोटर पाण्यात गेली की तिचा भरवसा राहत नाही.

आता उंबरा. वडील काढू देणार नाहीत हे मी न विचारता सांगतो, माझ्याही घरी तेच झालं. रोज हळदीकुंकू वाहिलेला उंबरा कुणी उपटून टाका म्हणालं तर लागतंच मनाला. काढायचा नाही, खाली बसवायचा. तोच लाकडाचा किंवा दगडाचा उंबरा फरशीत उतरवायचा, वर अर्ध्या इंचापेक्षा जास्त ठेवायचा नाही, कडा गोल करायच्या. पूजाही होते आणि चाकही अडत नाही.

रॅम्पबद्दल एवढं लिहिलं, पण पैसे एका वेळी कमीच निघणार असतील तर आधी बाथरूम करा. आई बाहेर दिवसातून एकदा जातील, बाथरूमला पाच-सहा वेळा, त्यात दोनदा रात्री. एक रात्र घरी राहा आणि पलंगापासून कमोडपर्यंतची वाट स्वतः बघा: बटण कुठे आहे, दारात खुर्ची कुठे घासते, वडील त्यांना कुठे धरतात. आपल्याकडे बाथरूमचं दार बहुधा सव्वादोन किंवा अडीच फुटी असतं. साधी व्हीलचेअरच 25-26 इंच रुंद, वर ढकलणाऱ्या हातांची पेरं. मोकळी वाट 3 फूट मिळेल असं दार करा आणि ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं करा. आत उघडणाऱ्या दाराला टेकून माणूस पडला तर बाहेरून दार ढकलताच येत नाही. आत वळायला 5 फूट मोकळी जागा मिळाली तर उत्तम. कमोडची बैठक 18 इंचांवर हवी. आत्ताचा बुटका असेल तर खाली ओटा करून उचलता येतो.

धरायच्या दांड्याचं नीट ऐका, इथे फार चुका होतात. टॉवेलचा रॉड म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. तो प्लॅस्टिकच्या गिट्टीत दोन स्क्रूंवर असतो, अंगाचा भार आला की टाइलसकट हातात येतो, आणि माणूस नेमका घसरताना त्यालाच पकडतो. दीड इंची स्टीलचा पाइप, विटेच्या भिंतीत अँकर फास्टनरने (आत फुगून धरणाऱ्या लोखंडी बोल्टने) घट्ट, भिंतीपासून फार तर 2 इंच लांब. बसवल्यावर तुम्ही स्वतः लोंबकळून बघा.

आईंची डावी बाजू अधू आहे, म्हणजे दांडा उजव्या हाताला येईल असाच पाहिजे. खुर्चीतून कमोडवर सरकायचं ते चांगल्या बाजूकडे सोपं जातं, परत येताना उलटं होतं. त्यामुळे दांड्याची जागा प्लंबरला ठरवू देऊ नका. फिजिओथेरपिस्ट आणि आई दोघांना बाथरूममध्ये नेऊन भिंतीवर पेन्सिलने खुणा करून घ्या. मी आता त्या खुणा असल्याशिवाय भिंतीला ड्रिल लावत नाही.

पुराचं सांगतो, कारण तुम्ही "वरचा मजला चढवून आईला वर ठेवू का" असंही विचारलंय. माझ्या मते नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट धोक्याची. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. तसं पाणी परत आलं तर 3 फुटांचं जोतं पुरायचं नाही. वरच्या मजल्यावर जीव वाचेल, पण वीज नाही, पाणी नाही, आणि खाली उतरवणार कोण? त्या ऑगस्टमध्ये आमच्या मागच्या गल्लीतल्या आजींना चौघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यातून खाली आणलं आणि बोटीत ठेवलं. त्या वळणावर प्रत्येक पायरीला ओरडत होत्या. बाकीच्या 364 दिवसांचं काय, तेही बघा. वर ठेवलेल्या माणसाला गल्ली दिसते, गल्लीतलं माणूस भेटत नाही. तळमजल्यावरच ठेवा आणि घरात ठरवून टाका: पुलावर 40 फूट झालं की त्याच दिवशी, रस्ते कोरडे असताना, आई-वडील सांगलीतल्याच विश्रामबागला किंवा थेट पुण्याला. प्लग आणि इन्व्हर्टर उंचावर घ्या.

तरीही फ्लॅटच घ्यायचा झाला तर जाहिरातीतलं 'सीनियर लिव्हिंग' बाजूला ठेवून व्हीलचेअर घेऊन जा आणि रस्त्यापासून फ्लॅटच्या बाथरूमपर्यंत ढकलून बघा. खाली पार्किंग असलेल्या बऱ्याच इमारतींत लिफ्ट असते, पण पार्किंगपासून लिफ्टपर्यंत दोन-तीन पायऱ्या असतात. लिफ्टचं दार 3 फूट मोकळं आहे का, वीज गेल्यावर ती चालते का, तेही बघा. महारेराने, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक नियम काढलेत. त्यात रुंद दारं, न घसरणारी फरशी, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट हे सगळं आहे. बिल्डर ज्येष्ठांचं नाव घेऊन विकत असेल तर त्यातलं काय करारात लिहून देतो ते विचारा. पण गावभागात वडिलांना चार माणसं ओळखतात, औषध संपलं तर शेजारचा पोरगा आणून देतो. हे सोडून जायचं तर वडिलांनी स्वतः म्हटलं पाहिजे.

फाटकाबाहेरचं एक राहिलं. गटारीवरची फरशी हलते का ते बघा, आणि तिच्यात फट असेल तर पुढची छोटी चाकं नेमकी तिथेच अडकतात. ते अर्ध्या दिवसाचं काम आहे, रॅम्पबरोबरच उरकून घ्या.

मला तीन मापं पाठवा: फाटकापाशी रस्त्याच्या पातळीपासून घराची फरशी नेमकी किती वर आहे, बोळाची रुंदी सगळ्यात चिंचोळ्या जागी किती आहे, आणि फाटकापासून मागच्या दारापर्यंत लांबी किती. बोळात ड्रेनेजचं चेंबर कुठे आहे तेही सांगा, ते रॅम्पखाली गाडलं जाता कामा नये. त्यावरून रॅम्प कुठे वळवायचा ते काढून देतो.